गोळी फिटची, गोळी नैराश्याची आणि दुखतंय डोकं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ३४. दहावीत होते तेव्हापासून डाव्या बाजूचं डोकं दुखतं. माहेरी सगळे 'पित्ताचं डोकं' म्हणायचे, कारण उलटी झाली की उतरतं. आता महिन्यातून सात-आठ वेळा दुखतं आणि त्यातले दोन-तीन दिवस शाळेत जाणंच होत नाही. मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी महिन्यातले बारा-तेरा दिवस तरी घ्यावी लागते. आमच्या डॉक्टरांनी मायग्रेन सांगून टोपिरामेट लिहून दिलं. नणंदेने मोबाइलवर शोधलं तर ती फिटची गोळी निघाली. सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "लग्नाआधी तुला फिट येत होत्या का?" मग नागपूरला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम घ्यायला सांगितलं. तेही शोधलं, तर नैराश्याचं औषध. मला फिट येत नाही आणि नैराश्यही नाही. दोन्ही पाकिटं कपाटात तशीच आहेत. मुलगी पाच वर्षांची आहे, येत्या वर्षभरात दुसऱ्या बाळाचा विचार आहे. माझं वजन ७१ किलो. वडिलांना आणि भावाला मुतखड्याचा त्रास आहे. दोन्हींपैकी कोणती गोळी चांगली?
— एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, आधी सासूबाईंच्या प्रश्नाबद्दल बोलते, कारण गोळ्या कपाटात पडून राहिल्या त्या त्या प्रश्नामुळे. टोपिरामेट लिहून दिलं म्हणून कुणाला फिट येते असं ठरत नाही. हे त्यांना शांतपणे सांगा, हवं तर हे पान वाचायला द्या. आणि समजा एखाद्या सुनेला फिट येत असती, तरी तिला चारचौघांत असं विचारायचं नसतं. अकोल्यात तीस वर्षं मेंदूविकाराचा दवाखाना चालवताना मी कितीतरी मुलींची आकडी लग्नानंतर लपवलेली पाहिली. गोळ्या डाळीच्या डब्यात ठेवायच्या, चुकवायच्या, आणि मग चुलीपाशी फिट येऊन हात भाजायचा. त्या मुली आठवतात, म्हणून एवढं लिहिलं.

आता गोळ्यांकडे वळू. औषधाला जे नाव चिकटतं ते बहुधा त्याच्या पहिल्या उपयोगाचं असतं. टोपिरामेट १९७९ मध्ये अमेरिकेत तयार झालं, तेव्हा शोध चालला होता मधुमेहाच्या औषधाचा. फळांत असते त्या साखरेपासून, फ्रुक्टोजपासून, ते बनवलेलं आहे. मधुमेहाला त्याचा उपयोग झाला नाही, पण फिट थांबतात असं दिसलं. अमेरिकेत १९९६ मध्ये त्याला फिटसाठी परवानगी मिळाली आणि २००४ मध्ये अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, टाळण्यासाठी. ॲमिट्रिप्टिलिन त्याहून जुनं, १९६१ पासून नैराश्यासाठी वापरात आहे. सत्तरच्या दशकात डॉक्टरांनी ते अर्धशिशीच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा ज्यांना नैराश्य मुळीच नव्हतं त्यांचंही डोकं दुखणं कमी झालं. म्हणजे मन खुललं म्हणून डोकं थांबलं, असा प्रकार नव्हता.

मात्रा पाहिली तरी फरक कळतो. नैराश्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन दिवसाला ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत द्यावं लागतं. तुम्हाला दिलंय १०, फार तर ते २५ किंवा ५० पर्यंत वाढवतील. टोपिरामेट फिटसाठी २०० ते ४०० मिलिग्रॅम लागतं. अर्धशिशीला रात्री २५ पासून सुरुवात करून, दर आठवड्याला २५ वाढवत, सकाळ-संध्याकाळ मिळून १०० वर थांबतात.

फिट आणि अर्धशिशी मेंदूत कुठेतरी शेजारी राहतात, हेही खरं आहे. आरिस्तिदेस लेआओ नावाचे ब्राझीलचे संशोधक हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूवर फिटचा अभ्यास करत होते. त्यांना फिटऐवजी वेगळंच काही दिसलं. मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर एवढ्या संथ गतीने सरकत होती आणि मागे मेंदूपेशी काही काळ गप्प पडत होत्या. हे त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलं. अर्धशिशीच्या आधी काहींना डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, त्या याच लाटेमुळे असं आज मानतात. २००६ मध्ये एका प्रयोगात उंदरांना कित्येक आठवडे औषधं दिली, त्यात टोपिरामेट होतं आणि ॲमिट्रिप्टिलिनही. दोन्हींनी त्या लाटांची संख्या कमी केली, आणि औषध जितके जास्त दिवस दिलं तितका परिणाम वाढला. म्हणून मी रुग्णांना सांगते की ही गोळी आज घेतली आणि आज डोकं थांबलं, असं होणार नाही. दोन-तीन महिने द्यायलाच हवेत. पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडून देणारे निम्मे तरी रुग्ण मी पाहिले असतील.

आता तुमचा प्रश्न, चांगली कोणती? याची थेट तुलना झालेली आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३३१ प्रौढ रुग्णांना २६ आठवडे यांपैकी एक औषध दिलं. डोकेदुखी कमी होण्यात दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत होते. फरक पडला तो वजनात. टोपिरामेट घेणाऱ्यांचं सरासरी २.४ किलो उतरलं आणि ॲमिट्रिप्टिलिन घेणाऱ्यांचं सरासरी २.४ किलो वाढलं. हे वाचून तुम्हाला वाटेल, ७१ किलोवाल्या बाईने टोपिरामेटच घ्यावं. मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगते.

तुम्हाला दुसरं बाळ हवंय. टोपिरामेट पोटात असताना गर्भ राहिला तर बाळाचा ओठ किंवा टाळू फाटलेला असण्याचा धोका वाढतो, बाळ लहानखुरंही राहू शकतं. ओठ आणि टाळू जुळतात पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे कित्येकींना दिवस गेल्याचं कळतं न कळतं तोच. युरोपात २०२३ मध्ये याचे नियम आणखी कडक केले: मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला हे औषध द्यायचं तर गरोदर नसल्याची खात्री करायची आणि खात्रीचं गर्भनिरोधक सुरू ठेवायचं. शिवाय टोपिरामेटची मात्रा २०० च्या वर गेली तर गर्भनिरोधक गोळ्यांचा जोर कमी पडू शकतो. तुमच्या डॉक्टरांनी हे विचारलं नसेल किंवा घाईत तुम्ही सांगितलं नसेल. दवाखान्यात नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असली की बाळाचं बोलणं राहूनच जातं, हे मी रोज पाहते.

दुसरं, मुतखडा. टोपिरामेटने लघवीतलं सायट्रेट कमी होतं. खडे होऊ न देणारा तो पदार्थ आहे. घरात वडिलांना आणि भावाला खडे आहेत, तुम्ही उन्हाळ्यात ४५ अंशांच्या जिल्ह्यात राहता, आणि शाळेतलं स्वच्छतागृह कसं आहे त्यावर शिक्षिका दिवसभरात किती पाणी पितात ते ठरतं. मला माझ्या शिक्षिका रुग्णांनीच सांगितलंय, "मॅडम, आम्ही सकाळी घरून निघाल्यापासून पाणीच पीत नाही." अशा बाईला टोपिरामेट देताना माझा हात थांबतो.

तिसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या अनुभवातली. मलाही अर्धशिशी आहे. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी मी टोपिरामेट घेत होते. पहिल्या आठवड्यात बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या. १०० मिलिग्रॅम घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या लोकांना तसं होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. लिंबू-सोड्याची चव बदलली, पाणी प्यायल्यासारखं लागायचं. डोकं खरंच छान थांबलं. पण सहाव्या आठवड्यात एका मुलाच्या आईला समजावत होते, "याच्या इथे ठोकून पाहते," आणि 'कोपर' हा शब्दच येईना. हात धरून दाखवला, तरी शब्द येईना. ती बाई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती मी विसरलेले नाही. हा त्या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे: शब्द जिभेवर येतो आणि सटकतो. गोळी बंद केली की जातो. पण तुम्ही दिवसभर चाळीस मुलांसमोर उभं राहून बोलता. इतर कुणापेक्षा तुम्हाला हा त्रास जास्त होईल.

मग मी ॲमिट्रिप्टिलिन घेतलं. तोंडाला कोरड पडायची, उशाशी तांब्या ठेवावा लागायचा. बद्धकोष्ठही झालं. आठ महिन्यांत चार किलो वाढले, आणि ते उतरवायला दीड वर्ष लागलं. पण झोप लागली. अर्धशिशी असलेल्या कितीतरी बायकांना रात्री दोनपर्यंत झोप नसते, त्यांना ही गोळी दोन्हीकडून हात देते. रात्री आठ-साडेआठला घ्यायची, झोपताना नाही, म्हणजे सकाळी सहाची एसटी पकडताना डोळे जड राहत नाहीत. एक वर्ष घेऊन मी ती हळूहळू बंद केली. आता महिन्याला एखादा झटका येतो, तो मी सांभाळते.

तेव्हा या दोन पाकिटांत, आज, तुमच्यासाठी माझं मत ॲमिट्रिप्टिलिनच्या बाजूने पडतं. पण नागपूरच्या डॉक्टरांना बाळाचं नक्की सांगा. गरोदरपणात हे औषध टोपिरामेटसारखं बदनाम नाही, तरी काही महिने घेऊन डोकं काबूत आणायचं आणि मग बंद करून बाळाचा विचार करायचा, की प्रोप्रानोलॉलसारखं तिसरंच काही घ्यायचं, हे त्यांच्यासमोर बसून ठरायला हवं. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल चालत नाही, तेही सांगा. फॉलिक ॲसिड आत्तापासून सुरू करायला विचारा. आणि दिलासा म्हणून सांगते, बऱ्याच जणींची अर्धशिशी दिवस गेल्यावर, विशेषतः तिसऱ्या महिन्यानंतर, आपोआप निवळते.

नावांवरून घाबरायचं नाही असं म्हटलं, पण नाव पूर्ण विसरायचंही नाही. 'नैराश्याची गोळी' फिट येणाऱ्या माणसाला जपून द्यावी लागते, कारण ॲमिट्रिप्टिलिनने फिट येण्याची शक्यता वाढू शकते. आणि 'फिटची गोळी' कधीकधी मन उदास करते, टोपिरामेट घेताना जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं. म्हणून पूर्वी कधी नैराश्य आलं होतं का, लहानपणी आकडी आली होती का, हृदयाचा काही आजार आहे का, काचबिंदू आहे का, हे प्रश्न तुम्हाला विचारले जायला हवेत. कुणी विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा. टोपिरामेट घेणाऱ्या इतर वाचकांसाठीही एक गोष्ट: पहिल्या महिन्यात अचानक दिसायला अंधूक झालं किंवा डोळा दुखू लागला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि घरी पाच वर्षांची मुलगी आहे. ॲमिट्रिप्टिलिनच्या थोड्या गोळ्याही लहान मुलाच्या हृदयाला जीवघेण्या ठरू शकतात. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात ठेवा. आज जिथे पडली आहेत तिथून दोन्ही पाकिटं हे वाचून झाल्यावर लगेच हलवा.

एका गोष्टीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला तीच सगळ्यांत जास्त खुपली. मेडिकलची गोळी महिन्यात बारा-तेरा दिवस. त्या पाकिटामागे पाहा, एकच औषध आहे की दोन-तीन एकत्र. एकत्र औषधांची गोळी महिन्यात दहा दिवस किंवा त्याहून जास्त, आणि नुसतं पॅरासिटामॉल पंधरा दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच डोकं दुखवायला लागते. मग रोजची कुठलीही प्रतिबंधक गोळी नीट लागू पडत नाही. शाळेच्या दैनंदिनीसारखी एक वही करा: तारीख, किती तास दुखलं, काय घेतलं, पाळी कधी आली, उपवास होता का, उन्हात किती वेळ होतात. संकष्टीचा दिवसभराचा उपवास आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातली पटनोंदणीची वणवण, या दोन दिवसांचं डोकं माझ्या कितीतरी शिक्षिकांच्या वहीत सापडलं आहे. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा, तोंडी सांगण्यापेक्षा ती उपयोगी पडेल.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. महिन्यातून पाच-सहा वेळा मायग्रेन होतं, शाळा बुडते. इथल्या डॉक्टरांनी रोजची गोळी द्यायला नकार दिला. 'आधी झोप आणि नाश्ता नीट करा' म्हणाले. मोठ्यांना गोळी देतात, मग मुलाला का नाही? दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं का?
— एक वडील, पुणे

उत्तर : नकार देणाऱ्या डॉक्टरांना मी चांगले डॉक्टर म्हणेन. ८ ते १७ वयाच्या ३६१ मुलांवर अमेरिकेत हीच दोन औषधं तपासली आणि तिसऱ्या गटाला औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा अधिक कमी झाले ते ॲमिट्रिप्टिलिनच्या गटात ५२ टक्के मुलांचे, टोपिरामेटच्या गटात ५५ टक्के आणि नुसत्या गोळीच्या गटात ६१ टक्के. पुढे चालवून काही हाती लागणार नाही म्हणून अभ्यास लवकर थांबवला. औषध घेणाऱ्या मुलांना थकवा, कोरडं तोंड, मुंग्या हे मात्र जास्त झालं. मोठ्यांचा हिशेब मुलांना जसाच्या तसा लागत नाही, हे पटावं म्हणून २०१७ मध्ये छापून आलेले हे आकडे मी पालकांना कागदावर लिहून देते.

म्हणून मुलाला काहीच करू नये असं नाही. झटका सुरू होताच योग्य मात्रेत आयबुप्रोफेन, अंधाऱ्या खोलीत झोप, आणि शाळेत गोळी जवळ ठेवण्याची परवानगी. सकाळी उपाशीपोटी क्लासला पाठवू नका. पाण्याची बाटली शाळेतून भरलेली परत येते का, ते रोज पाहा. यावर तीन महिने प्रामाणिकपणे काढूनही शाळा बुडतच राहिली, तर गोळीचा विचार जरूर करता येतो. टोपिरामेटला १२ वर्षांपुढच्या मुलांसाठी अमेरिकेत २०१४ पासून परवानगी आहेच. पण ते घेणाऱ्या मुलांना घाम कमी येऊन अंग तापू शकतं, दुपारच्या उन्हात क्रिकेट असेल तर लक्ष ठेवावं लागतं. आणि डोकेदुखी रोजच्यासारखीच झालेल्या मुलांमध्ये ॲमिट्रिप्टिलिनसोबत समुपदेशन, म्हणजे दुखणं कसं हाताळायचं याचं शिकवणं, दिलं तेव्हा जास्त फायदा झाला होता. पुण्यात असे मानसशास्त्रज्ञ तुम्हाला मिळतील, मुलाला 'वेड लागलंय का' असं कुणी विचारणार नाही याची काळजी मात्र तुम्हीच घ्यायची.

प्रश्न : वय ६८. कमरेला नागीण झाली होती, ती बरी झाली पण जागा अजून जळते. ॲमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम सुरू आहे. जळजळ बरी आहे, पण आठवड्यापासून लघवी अडकत अडकत होते. प्रोस्टेट वाढल्याचं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मुलगा म्हणतो वयोमानाने होतं.
— एक निवृत्त वाचक, सांगली

उत्तर : काका, हे वयोमानाने नाही, या गोळीने होत असण्याची शक्यता मोठी आहे. तोंड कोरडं पडतं त्याच कारणाने मूत्राशयही नीट आवळत नाही, त्यात प्रोस्टेट वाढलेली. आजच ज्यांनी गोळी दिली त्यांना फोन करा आणि प्रोस्टेटचं सांगा. लघवी पूर्ण बंद झाली आणि ओटीपोट फुगलं तर फोनची वाट न पाहता रुग्णालयात जा, रात्र असली तरी. नागिणीनंतरच्या जळजळीला गाबापेंटिन हा दुसरा उपाय आहे. तेही मुळात फिटचंच औषध, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. ते सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, कारण ते किडनीतून बाहेर पडतं. सुरुवातीला चक्कर येऊ शकते. रात्री लघवीला उठताना आधी कॉटच्या कडेवर दोन मिनिटं बसा आणि मोरीतला दिवा चालूच राहू द्या.